चित्रं नऊ झाली, आता पुस्तक कसं करायचं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका बालवाडीच्या ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "कुशी नावाच्या पाच वर्षांच्या मुलीची गोष्ट लिहिली आहे. ती आज्जाबरोबर बसनं आठवडी बाजाराला जाते, वाटेत आज्जाची छत्री हरवते आणि शेवटी सापडते. अकराशे शब्द झालेत. जलरंगात ए-फोर कागदावर नऊ चित्रं काढून झाली, काही उभी, काही आडवी. भाचा तिसऱ्या चित्राशी 'ही कोण?' म्हणून विचारतो आणि पाचव्याला उठून जातो. आणखी किती चित्रं लागतील? मोबाइलवर काढली तर जास्त चांगली दिसतील का? आमच्याकडे कन्नड घरची मुलंही येतात, तर दोन्ही भाषा एकाच पानावर टाकू का?" सोबत गोष्टीचा पहिला परिच्छेद, नऊ चित्रांत काय काय आहे त्याची यादी आणि दोन चित्रांचे फोटो आहेत.

ताई, हात चांगला आहे तुमचा. बसच्या काचेवरून ओघळणारं पाणी ज्याला असं काढता येतं, त्यानं जलरंग सोडून मोबाइलकडे जायचं काही कारण नाही. साधन कुठलं हा प्रश्न बाजूला ठेवा. तुमची अडचण वेगळी आहे. तुम्ही आधी गोष्ट लिहिलीत, मग तिच्यातले आवडते प्रसंग रंगवलेत आणि आता त्या चित्रांना पानं शोधताय. लहान मुलांच्या पुस्तकात हे उलट्या क्रमानं करावं लागतं. आधी पानं मोजायची, मग कुठल्या पानावर शब्दांनी काय सांगायचं आणि चित्रानं काय, ही वाटणी करायची, आणि रंगाची डबी सगळ्यात शेवटी उघडायची.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. बालवाडीपुरत्या पन्नास प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई, आणि मग आकार, कागद यांची फार चिंता नको. पाचशे-हजारांच्या पुढे जायचं असेल तर ऑफसेट, म्हणजे प्लेटा करून होणारी छपाई, परवडतं, पण तिथले नियम पाळावे लागतात. प्रकाशकाकडे द्यायचं असेल तर पूर्ण रंगवलेली चित्रं आत्ता करूच नका. मजकूर, कच्ची डमी (पुस्तकाचा हातानं केलेला पेन्सिलीचा आराखडा) आणि नमुन्याची दोन चित्रं एवढंच पाठवा, कारण पुष्कळदा चित्रकार प्रकाशकच ठरवतो. तुमच्या प्रश्नावरून मी असं धरून चालते की पुस्तक स्वतःच काढायचं आहे आणि ऐकणारी मुलं तीन ते सहा वर्षांची आहेत.

आता पानं. छापखान्यात पानं चार-चारनं वाढतात. कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, म्हणून मधल्या पिनेच्या पुस्तकाला १८ किंवा २२ पानं जमत नाहीत. ऑफसेटवाले १६ पानांचा एक फॉर्म धरतात. २० बाय ३० इंची कागदाला तीन घड्या घातल्या की दोन्ही बाजू मिळून १६ पानं पडतात आणि कापून साधारण सव्वासात बाय साडेनऊ इंचाचं पुस्तक हातात येतं. चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानांची दिसतात ती याच हिशेबानं, दोन फॉर्म. तुमच्या गोष्टीला ३२ पानं ढगळ होतील. १६ पानं आणि वेगळं कव्हर, एवढं पुरे. पहिल्या पानावर नाव, सोळाव्यावर शेवट, आणि मधे २-३ पासून १४-१५ पर्यंत सात जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या. चित्रांचा आकडा नऊच येतो बघा, पण ती ही नऊ नव्हेत.

चार कोरे ए-फोर कागद घ्या, मधोमध दुमडा, घडीवर सुईदोऱ्यानं दोन टाके घाला. ही तुमची डमी. पेन्सिलनं कोपऱ्यात आकडे टाका. १ नेहमी उजवीकडे येतो. यात सुंदर काही काढायचं नाही. कुशी म्हणजे छोटा गोल, आज्जा म्हणजे लांब काडी, छत्री म्हणजे एक रेघ. मी आजही प्रत्येक पुस्तक असंच सुरू करते, आणि डमीतलं पान उलटून बघितल्याशिवाय कागद ओला करत नाही. कारण या पुस्तकात गंमत पान उलटण्यात असते. उजव्या पानाच्या शेवटी मुलाला काहीतरी खटकलं पाहिजे आणि उत्तर पलीकडे पाहिजे. तुमच्या चौथ्या चित्रात छत्री हरवल्याचं कळतं आणि त्याच चित्रात कंडक्टर ती हातात घेऊन उभाही आहे. मग भाच्यानं पाचव्यापर्यंत थांबायचं कशाला?

तुमचीच गोष्ट मी अशी बसवली असती. पान १ वर खुंटीला टांगलेली छत्री, तिच्या मुठीला आज्जीनं बांधलेली चिंधी. हे तुमच्या गोष्टीतलं फार कामाचं आहे, कारण बाजारात सगळ्याच छत्र्या काळ्या, आणि ही आपली आहे हे मुलाला एका नजरेत कळायला खूण लागते. २-३ वर दोघं घरातून निघतात. ४-५ बसस्टँड. ६-७ बसच्या आत, छत्री खिडकीच्या गजाला अडकवलेली, कुशी बाहेर बघतेय, आज्जा पेंगतोय. ८-९ बाजार: दोघं उजवीकडे गर्दीत शिरतायत, आज्जाच्या एका हातात पिशवी, दुसरा हात रिकामा, आणि डावीकडच्या कोपऱ्यात निघून जाणारी बस, तिच्या खिडकीत ती चिंधी. मजकुरात याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. मजकूर फक्त मिरच्या, वाळकी मासळी, मडकी, रताळी यांचं बोलणार. पहिल्या वाचनात एखादंच मूल ओरडेल, "छत्री राहिली!" दुसऱ्या वाचनाला सगळी बालवाडी ओरडेल. तिसऱ्यांदा ती पुस्तक मागायला येतील ते याच्यासाठीच.

१०-११ वर पाऊस. हे चित्र वरून बघितल्यासारखं काढा, दोन्ही पानं भरून छत्र्यांचे काळे गोल गोल, आणि मधे दोनच भिजलेली डोकी. १२-१३ वर शोधाशोध. इथं बाजारात जाऊन बघा: दुकानांवर ताणलेल्या प्लास्टिकच्या ताडपत्रीत पाणी साठून पोट आलेलं असतं आणि बाई खालून काठीनं ते वर ढकलते, मग सगळं पाणी कडेच्या माणसाच्या अंगावर. हे एवढं एक जरी पानाच्या कोपऱ्यात आलं तरी खानापूरचा पाऊस दिसेल, आणि कुशी रडवेली असताना मुलांना हसायला काहीतरी मिळेल. १४-१५ वर बस परत येते. १६ वर घर, छत्री खुंटीवर, तिच्याखाली पाण्याचं थारोळं.

दिशेबद्दल थोडं सविस्तर, कारण पाठवलेल्या दोन्ही चित्रांत ती घसरली आहे. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे निघालेली माणसं उजवीकडे तोंड करून चालली की पान पुढं ओढतं. परतताना तोंड डावीकडे. हे सुरुवातीला ठरवलंत की ठरवलंत, मधेच बदललं की मूल म्हणतं, ही घरी का निघाली? पण बस काढताना एक मेख आहे. आपल्याकडे बसचं दार डाव्या अंगाला असतं. उजवीकडे निघालेली बस कडेनं काढली तर कागदावर ड्रायव्हरची बाजू येते, दार येतच नाही. तुमच्या चित्रात दार त्या बाजूला काढलंय; मोठ्यांच्या नजरेतून सुटेल, पण रोज बसनं येणारं मूल बोट ठेवणार. म्हणून ४-५ वर बस समोरून काढा, स्टँडला लागलेली, नाक आपल्याकडे, आणि माणसं तिच्या कडेनं चढतायत. परतीची बस डावीकडे तोंड करून येते, तेव्हा दार आपसूक आपल्या बाजूला येतं, आणि त्या दारात छत्री धरून उभा असलेला कंडक्टर १४-१५ वर झकास बसतो.

मजकुराचं बघू. तुमचा पहिला परिच्छेद: "पावसाळ्याचे दिवस होते. आकाशात काळे ढग दाटून आले होते. कुशी आणि आज्जा लाल मातीच्या रस्त्याने स्टँडकडे निघाले. आज्जाच्या हातात लांब दांड्याची काळी छत्री होती. तिच्या मुठीला आज्जीने लाल चिंधी बांधली होती." लिहिलंय नीट, पण यातलं सगळं चित्रात दिसणारच आहे. दिसतं ते काढून टाकलं तर काही उरत नाही, म्हणजे या पानाला अजून मजकूर सुचलेला नाही. चित्राला न जमणारं शब्दांनी करावं: आवाज, वास, मनातली घाई, कोण काय बोललं. माझ्या मते या जोडपानाला "आज्जा, चल की लवकर, बस चुकंल!" एवढं पुरे. सगळ्या पुस्तकाला तीनशे शब्दांच्या आसपास बघा. कात्री लावताना जीव तुटतो हे खरं. पण मोठ्यानं वाचून दाखवताना अकराशे शब्दांत मुलं चित्राकडे बघून कंटाळतात आणि तुम्ही खालमानेनं वाचतच राहता. आणि 'चुकंल' लिहायला कचरू नका. आज्जा-नातीच्या बोलण्यात प्रमाण मराठी घातली तर ती दोघं पुण्याहून आल्यासारखी वाटतील.

"ही कोण?" या भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर फोटोतच आहे. पहिल्या चित्रात कुशीचा फ्रॉक निळा, दोन वेण्या. दुसऱ्यात जांभळट फ्रॉक आणि डोकं अंगाच्या मानानं मोठं. रंगवण्याआधी एका कागदावर कुशी समोरून, कडेनं, पाठमोरी, बसलेली, पळताना अशी काढून भिंतीला लावा, शेजारी आज्जा उभा करा आणि त्याच्या कमरेला तिचं डोकं कुठं लागतं तिथं रेघ मारा. चेहऱ्यापेक्षा बाहेरचा आकार ओळखीचा करा. आज्जीच्या हातचा गुडघ्याखाली लोंबणारा मोठा रेनकोट तिला घातलात तर शंभर माणसांत ती पाठमोरीही ओळखू येईल. फक्त तो पिवळा नको. का ते सांगते.

खानापूरची माती लाल. कौलं लाल. मिरच्या लाल. तुमची चिंधीही लाल, आणि सबंध पुस्तकाचा जीव त्या चिंधीत! ८-९ वर ती खिडकीत दिसायला हवी, पण मागं लाल मातीचा उतार आला की गेली. चिंधी हळदीत बुडवलेली पिवळी करा. पावसाळी राखाडी आणि हिरव्यावर पिवळा रंग छोट्या ठिपक्यातही उठतो. मात्र मग पुस्तकात दुसरं काहीही पिवळं नको: केळी हिरवी काढा, लिंबं वगळा, रेनकोट निळा. चित्र झालं की मोबाइलवर फोटो काढून काळा-पांढरा करून बघा. चिंधी त्यात फिकट ठिपका म्हणून वेगळी दिसली तर मागची छटा बरोबर आहे. मागच्या भागात विरली तर मागचं गडद करा.

जागेचं म्हणाल तर कुशीचं गाव कुठलं ते पक्कं करा. आपल्या एका जिल्ह्यात दोन मुलूख आहेत. खानापूर-जांबोटीकडे उतरती कौलं, चिऱ्याच्या भिंती, लाल चिखल. अथणीकडे गेलं की काळी रानं आणि सपाट धाब्याची घरं. तुमच्या दुसऱ्या चित्रात कौलारू घराच्या मागं सपाट माळरान आलंय, ते इंटरनेटवरच्या फोटोवरून घेतलं असावं. स्टँडवर एक दुपार वही घेऊन बसा, त्यापेक्षा चांगलं काही नाही. माणसं पाठमोरी काढा, फोटो घ्यायचा तर विचारून घ्या.

आता दोन भाषा. माझं मत स्पष्ट आहे: सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी एका पानावर दोन लिप्या नकोत, चित्रं तीच ठेवून दोन आवृत्त्या काढा. दोन मजकुरांना जागा करता करता चित्र आक्रसतं. शिवाय आपल्याकडे पाटीवर कुठली अक्षरं वर यावरून काय काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय; ते भांडण बालवाडीच्या पुस्तकात कशाला? अपवाद एकच. एकाच वर्गात, एकाच वेळी, एकाच बाईंना दोन्हीत वाचून दाखवायचं असेल तर एक पुस्तक सोयीचं पडतं. तसं करायचंच तर प्रत्येक पानावर दोन्हींच्या जागा ठरलेल्या ठेवा आणि मजकूर आणखी निम्मा करा.

दोन आवृत्त्या काढायच्या असतील तर चित्रं काढतानाच एक काळजी घ्या. ऑफसेटला चार प्लेटा लागतात: निळी, गुलाबी, पिवळी, काळी. मजकूर निव्वळ काळ्या शाईत असेल तर भाषा बदलताना एक काळी प्लेट तेवढी नवी करावी लागते, बाकी तीन त्याच चालतात. पण १०-११ वरच्या गडद आभाळात पांढरी अक्षरं टाकायचा मोह झाला, तर ती अक्षरं चारही प्लेटांत कोरली जातात आणि कन्नडसाठी चारही नव्या. म्हणून प्रत्येक जोडपानात फिकट, शांत अशी जागा सोडा आणि अक्षरं काळी ठेवा. चित्रावर हातानं अक्षरं काढायची नाहीत. फक्त बसचा बोर्ड आणि दुकानाच्या पाट्या याला अपवाद. आपल्या बसचा बोर्ड कन्नडमध्ये असतो, कोल्हापूरहून येणाऱ्या एसटीचा मराठीत. मुलांना ते माहीत असतं, जसं आहे तसं काढा. तसंच कंडक्टर "अज्जा, निम्म छत्री!" म्हणाला तर मराठी आवृत्तीतही तो तसाच बोलू दे. छत्री समोर दिसतेय, अर्थ सांगायला नको.

मोकळी जागा मराठी मजकुराला लागते त्याच्या दीडपट सोडा. कन्नडमध्ये जोडाक्षराचं दुसरं अक्षर खाली लटकतं, त्यामुळे ओळींमधलं अंतर वाढवावं लागतं, आणि शब्दही लांब पडतात. बेंगळुरूच्या प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर एकच पुस्तक मराठीत आणि कन्नडमध्ये फुकट उघडून बघता येतं. दोन्ही शेजारी ठेवा, मजकूर किती जागा खातो ते लगेच कळेल. तुमची गोष्ट तिथं टाकायचा विचार असेल तर आधी त्यांच्या परवान्याच्या अटी वाचा. श्रेय देऊन दुसरं कुणीही ती वापरू शकतं, विकूही शकतं. आणि कन्नड मजकूर आपल्याच भागातल्या कन्नड घरच्या बाईंकडून सांगून घ्या, चित्रं दाखवत, तोंडी. लिहून काढायचं काम नंतर.

फॉन्ट युनिकोडच वापरा. जुने डीटीपीवाले अजून त्यांचे जुने फॉन्ट काढून बसतात. फाइल दुसऱ्या मशीनवर गेली की अक्षरं विस्कटतात. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'बालू' हा फॉन्ट देवनागरीत आहे आणि त्याचाच भाऊ बालू तम्मा कन्नडमध्ये, दोन्ही मोफत आणि जाड गोल वळणाचे, त्यामुळे दोन आवृत्त्या एका घरच्या दिसतात. अक्षर वीस पॉइंटच्या खाली नको. 'ल' आणि 'श' आपल्या पाटीवरच्या वळणाचे येतायत का तेवढं बघा. काही फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात आणि नुकतं अक्षर शिकलेलं मूल तिथं अडखळतं.

झालेल्या चित्रांपैकी बसच्या आतलं आणि शेवटचं घराचं ठेवता येईल असं वाटतं, बाकीची संदर्भ म्हणून भिंतीला. नवीन काढताना छापायच्या जोडपानाच्या प्रमाणातच कागद कापा, त्या आकाराच्या सव्वापट मोठा. चारही बाजूंनी चार मिलिमीटर जास्तीचं रंगवा, छापताना त्याचे साधारण तीन होतात आणि ते कापण्यात जातात. मधल्या घडीवर कुणाचाही चेहरा किंवा ती चिंधी येऊ देऊ नका, दोन्हीकडे एक सेंटिमीटर सोडा. फार फिकट पाण्याचे हात स्कॅनमध्ये उडून जातात, आणि झगझगीत पोपटी किंवा नारिंगी छापल्यावर मळकट होतो, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नका. मूळ आकारात तीनशे डीपीआयला (इंचाला तीनशे ठिपके) स्कॅन करा. मोबाइलचा फोटो छपाईला चालत नाही. कागदाला आर्ट पेपर घेतलात तर मॅट घ्या, चकचकीत कागद ट्यूबलाइटखाली उजेड मारतो आणि मागं बसलेल्या मुलांना निम्मं चित्र दिसत नाही. मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा कागद, स्वस्त पडतो पण रंग पितो. कव्हर जाड आणि लॅमिनेशन केलेलं, नाहीतर महिन्यात चिंध्या.

रंगाला हात लावण्याआधी डमी मुलांना वाचून दाखवा, भाच्याला एकट्याला नव्हे, चार-पाच जणांना. "आवडलं का?" विचारू नका, मुलं हो म्हणतात. कुणाचा हात पान उलटायला पुढं येतो आणि कुठल्या पानाला नजर खिडकीबाहेर जाते ते बघा. नजर जाते तिथं मजकूर जास्त झालाय किंवा पलीकडे काय आहे ते आधीच कळलंय. तीन-तीन चित्रं बदलावी लागली तरी पेन्सिलीच्या रेघाच खोडायच्या आहेत.

छापायला देताना पीडीएफ द्या आणि पहिली प्रत कागदावर मागा, स्क्रीनवर बघून मान डोलावू नका. मराठीची प्रत तुम्ही तपासाल. कन्नडची मात्र ज्याला ती लिपी रोज वाचायची सवय आहे अशाच कुणाकडून वाचून घ्या, कारण खालचं जोडाक्षर तुटलं तर तुम्हालाही कळणार नाही आणि मराठी डीटीपीवाल्यालाही नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, पन्नास प्रतींना लागत नाही. विकायला ठेवणार असाल तर अर्ज करा, भारतात तो फुकट मिळतो.